फुरसुंगीच्या पोराला ओळख देणारे भा. रा.

चौथीपर्यंत गोष्टीसाठी पदराला लोंबकळणारं मूल सातवी-आठवीत गेलं की पुस्तकाकडे ढुंकूनही बघत नाही, ही तक्रार घरोघरीची. राजा-राणीच्या गोष्टी या वयात बाळबोध वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या पेलत नाहीत. या अधल्यामधल्या वयाची नस ज्यांनी अचूक ओळखली, ते भास्कर रामचंद्र तथा भा. रा. भागवत!

त्यांचा जन्म ३१ मे १९१० चा, इंदूरचा. पुढे पत्रकारिता केली, रेडिओवर नोकरी धरली. सरकारी नोकरी म्हणजे त्या काळी घराचा मोठाच आधार. पण १९४२ ची चळवळ पेटली आणि भा. रां.नी ती सोडून दिली. तुरुंगवासही भोगला.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी मुलांसाठी ‘बालमित्र’ मासिक काढलं. मुलांचं मासिक चालवणं म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणंच! या कामात बरोबरीने उभ्या राहिल्या पत्नी लीलावतीबाई. त्या स्वतः बालसाहित्यिक, शिवाय आकाशवाणी मुंबईच्या ‘वनिता मंडळ’मुळे घराघरांतल्या बायकांच्या ओळखीच्या. मासिक काही वर्षांनी बंद पडलं, पण दोघांचीही लेखणी थांबली नाही.

ज्यूल व्हर्नच्या चंद्रावरच्या, समुद्राखालच्या सफरी भा. रां.नी मराठीत आणल्या. भाषा इतकी घरगुती, की मुलांना ते पुस्तक परकं वाटलंच नाही. पण त्यांचं खरं लाडकं लेकरू म्हणजे बनेश फेणे, अर्थात फास्टर फेणे! पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा पोरगा शिकायला पुण्यात येतो, विद्याभवनच्या वसतिगृहात राहतो. काडीसारखी अंगकाठी, सायकलवर वाऱ्याचा वेग, आणि तोंडातून निघणारं ते ‘ट्टॉक’! पैसा नाही, वशिला नाही. अंगात आहे ती चपळाई, तल्लख डोकं आणि अडल्या-नडल्याच्या मदतीला धावण्याची वृत्ती. उपदेशाचा डोस न पाजता भा. रां.नी चांगुलपणा शिकवला तो असा. प्रतापगडापासून काश्मीरपर्यंत हा पोरगा वीसेक पुस्तकांतून हिंडला. साहस करायला साहेबाच्या देशात जन्मावं लागत नाही, हे खेड्यातल्या मुलांना कळलं.

१९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाला, तर २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघ. त्या चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी चक्क भा. रां.चीच भूमिका केली. ते पाहायला भा. रा. मात्र नव्हते. २७ ऑक्टोबर २००१ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. २०१३ मध्ये लीलावतीबाईही गेल्या.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. वस्तीत काम करताना दिसतं, मुलगी तेरा वर्षांची झाली की धाकट्या भावंडाला सांभाळणं आणि धुणीभांडी तिच्या वाट्याला येतात. हातातलं पुस्तक सुटतं ते आधी तिचंच. भावाला सायकल मिळते, हिला नाही. निदान त्या सायकलची गोष्ट तरी तिच्या हाती पडू द्या! वाचनालयाची वर्गणी भराल तेव्हा लेकीचंही नाव घाला. आणि ती वाचत बसली असेल, तर तेवढा वेळ तिला भांड्यांसाठी हाक मारू नका.