डॉ. पॉल लांगरहान्स

आपल्या हातून घडलेल्या कामाचें फळ आपल्याच डोळ्यांनीं पाहण्याचें भाग्य सर्वांस लाभतें असें नाहीं. कित्येकांस तर आपण काय शोधून काढलें हेंही कळत नाहीं. तरी जें दिसलें तें त्यांनीं खरेपणानें लिहून ठेविलें, म्हणून पुढील पिढ्यांचें कल्याण झालें. अशांपैकीं एका जर्मन वैद्याचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचें योजिलें आहे.

पॉल लांगरहान्स यांचा जन्म ता. २५ जुलै १८४७ रोजीं बर्लिन शहरीं झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते. पॉल सहा वर्षांचे असतांनाच त्यांची आई क्षयरोगानें वारली. ज्या रोगानें आईस नेलें, तोच पुढें मुलाच्याही वाट्यास यावयाचा होता. शालेय शिक्षण संपवून ते प्रथम येना येथें व नंतर बर्लिन येथें वैद्यकाचा अभ्यास करूं लागले. रोगाचें मूळ शरीराच्या पेशींत शोधावें हें तत्त्व जगास शिकविणारे फिर्खो हे बर्लिन येथें त्यांचे गुरु होते. ह्या गुरूशीं त्यांचा स्नेह जन्मभर टिकला.

बर्लिन विश्वविद्यालयानें जाहीर केलेल्या एका स्पर्धेसाठीं लांगरहान्स यांनीं मानवी त्वचेचा अभ्यास हातीं घेतला. त्वचेचा तुकडा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणांत ठेविला असतां मज्जातंतू काळे होऊन सूक्ष्मदर्शक यंत्रांतून स्पष्ट दिसतात, ही रीत ते कोनहाइम ह्या शास्त्रज्ञापासून शिकले होते. त्या रीतीनें पाहतांना त्वचेच्या अगदीं वरच्या थरांत, झाडास फांद्या फुटाव्या तशा फांद्या असलेल्या काळ्या पेशी त्यांस आढळल्या. १८६८ सालीं त्यांनीं ही हकीकत चित्रांसह प्रसिद्ध केली. ह्या पेशी मज्जासंस्थेच्या असाव्या, असा त्यांचा तर्क होता. तो तर्क पुढें चुकीचा ठरला. पण त्यांनीं काढलेलें चित्र मात्र बरोबर होतें.

पुढील वर्षीं पदवीच्या प्रबंधासाठीं त्यांनीं सशाचें स्वादुपिंड तपासलें. तेथें इतरांहून निराळ्या, फिक्कट पेशींचे लहान लहान पुंजके त्यांनीं पाहिले. हे पुंजके कशासाठीं आहेत हें आपणांस ठाऊक नाहीं, असें त्यांनीं मोकळेपणानें कबूल केलें. परीक्षेच्या प्रबंधांत आपलें अज्ञान कबूल करावयास धैर्य लागतें, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको!

१८७० सालीं ते भूगोलज्ञ कीपर्ट यांच्यासमवेत सीरिया व पॅलेस्टाइन ह्या देशांत गेले. पवित्र शास्त्रामुळें आपल्या परिचयाच्या झालेल्या त्या भूमींत त्यांनीं कुष्ठरोग्यांचीही पाहणी केली. इतक्यांत प्रशिया व फ्रान्स ह्यांमध्यें युद्ध पेटलें. तेव्हां परत येऊन त्यांनीं सैन्याच्या शुश्रूषापथकांत काम केलें. पुढें फ्रायबुर्ग विश्वविद्यालयांत ते शरीररचनाशास्त्र शिकवूं लागले व थोड्याच काळांत प्राध्यापक झाले.

सर्व कांहीं अनुकूल असतांना १८७४ सालीं क्षयानें त्यांस गांठलें. त्या काळीं ह्या रोगावर औषध नव्हतें. इटली व स्वित्झर्लंड येथें हवापालट करूनही गुण आला नाहीं. तेव्हां १८७५ सालीं ते अटलांटिक महासागरांतील मादेइरा बेटावर फुंशाल गांवीं जाऊन राहिले. वय अवघें अठ्ठावीस. प्राध्यापकाचें पद गेलें, घर दूर राहिलें. दुसरा कोणी असता तर खिन्न होऊन बसता. लांगरहान्स यांनीं समुद्रांतील कृमींचा अभ्यास आरंभिला व त्यांपैकीं एकास आपल्या गुरूचें नांव दिलें. थोडें बरें वाटूं लागतांच ते क्षयरोग्यांवर उपचार करूं लागले. १८८५ सालीं त्यांनीं विवाह केला. पण हा संसार तीनच वर्षें टिकला. मूत्रपिंडाच्या विकारानें ता. २० जुलै १८८८ रोजीं त्यांचें देहावसान झालें. एकेचाळीस वर्षें पुरीं होण्यास पांच दिवस उरले होते. फुंशाल येथील ब्रिटिश दफनभूमींत त्यांचें थडगें आहे.

आतां त्यांच्यामागून काय घडलें तें पाहूं. १८९३ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ लागेस यांनीं स्वादुपिंडांतील त्या पुंजक्यांस लांगरहान्स यांचीं द्वीपें असें नांव दिलें. १९२१ सालीं टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं ह्या द्वीपांतील रस वेगळा करण्यांत यश मिळविलें. तोच इन्सुलिन होय. दुसऱ्याच वर्षीं त्यानें मधुमेहानें मरणपंथास लागलेल्या एका मुलास जीवदान दिलें.

त्वचेंतील पेशींचें कोडें सुटावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. १९६१ सालीं बर्बेक यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें त्यांत टेनिसच्या रॅकेटीच्या आकाराचे कण पाहिले. पुढें कळलें कीं, ह्या पेशी शरीराच्या वेशीवरील पहारेकरी आहेत. बाहेरून शिरलेला परका पदार्थ त्या धरतात, जवळच्या लसिका-ग्रंथींत नेतात व तेथील रक्षक पेशींस ओळखवितात.

कधीं कधीं मात्र अशाच जातीच्या पेशी बेसुमार वाढतात. हाडांत भोकें पडतात, अंगावर व डोक्यावर पुरळ उठतो, क्वचित् यकृतासही बाधा होते. हा रोग विरळ असून बहुधा मुलांस होतो. १९८७ सालीं त्यास लांगरहान्स यांच्याच नांवानें ओळखण्याचें ठरलें. ह्या पेशी त्वचेंतून नव्हे, तर अस्थिमज्जेंतील पूर्वज पेशींपासून उद्भवतात, असें आतां मानलें जातें. २०१० सालीं ह्या रोगाच्या अर्ध्याहून अधिक रोग्यांच्या पेशींत एका विशिष्ट जनुकांत बदल आढळला व त्यावरून नवीं औषधें उपयोगांत आलीं. पालकांनीं ध्यानांत ठेवावें कीं, हा रोग स्पर्शानें पसरत नाहीं. कित्येक मुलें थोड्या उपचारानें, कांहीं तर आपोआपही, बरीं होतात. परंतु पुष्कळ अवयवांस बाधा झाली असतां वेळेवर औषधोपचार झालाच पाहिजे. अशा मुलास दूर लोटणें हें अज्ञान व निर्दयपणाही होय.

लांगरहान्स यांस ह्यांतील कांहींच पाहावयास मिळालें नाहीं. त्वचेच्या बाबतींत त्यांचा तर्क चुकला, स्वादुपिंडाच्या बाबतींत ते निरुत्तर राहिले. तरीही दोन्हीं ठिकाणीं त्यांचें नांव राहिलें, कारण जें दिसलें त्यांत त्यांनीं पदरचें कांहीं मिसळलें नाहीं. प्रयोगशाळेच्या वहींत अपेक्षित उत्तर लिहिण्याचा मोह होईल, तेव्हां विद्यार्थ्यांनीं फुंशालच्या त्या थडग्याची आठवण करावी. खरें लिहिणें एवढेंच आपलें काम. फळ देणारा परमेश्वर समर्थ आहे.