सर पॅट्रिक गेडिस : इंदूरच्या गल्ल्यांपासून तेल अवीवच्या वाळूपर्यंत

१९१७ सालच्या दिवाळीत आपल्या इंदूरच्या रस्त्यांवरून एक आगळी मिरवणूक निघाली. शहराला प्लेगने ग्रासले होते. होळकर दरबाराने बोलावलेला एक दाढीवाला स्कॉटिश प्राध्यापक नकाशा घेऊन गल्लीबोळांत हिंडत असे, आणि हा आला म्हणजे आता घरे पडणार, या भीतीने लोक त्याला पाहून दारे लावून घेत. त्याने तुकोजीराव महाराजांकडे मागणी केली ती एका दिवसाच्या राजेपणाची. महाराजांनी ती मान्य केली. मग जाहीर झाले, की यंदा मिरवणूक ठरलेल्या मार्गाने न जाता ज्या वस्तीने आपली घरे आणि रस्ते सर्वांत चांगले झाडून-रंगवून ठेवले असतील तिथून जाईल. शहरभर झाडलोट सुरू झाली. गाड्या भरभरून कचरा बाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता, आणि पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, गळ्यात हार घालून चालणारे सफाई कामगार होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले गेले आणि तुळशीची रोपे वाटली गेली.

हा प्राध्यापक म्हणजे पॅट्रिक गेडिस. ज्या वर्षी त्यांनी हा उत्सव उभा केला त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा थोरला मुलगा अ‍ॅलस्टर फ्रान्सच्या रणांगणावर मारला गेला होता. पत्नी अ‍ॅना तेव्हा हिंदुस्थानात तापाने अंथरुणाला खिळलेली होती. गेडिस यांनी तिला ही बातमी कळू दिली नाही. जूनमध्ये तीही गेली.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधल्या बॅलाटर गावी झाला. बालपण पर्थजवळ, वडिलांच्या बागेत गेले. लंडनला त्यांनी हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले, पण मेक्सिकोच्या दौऱ्यात डोळे दुखावले आणि काही काळ दृष्टी गेली. सूक्ष्मदर्शकावरचे काम पुढे फारसे जमण्यासारखे राहिले नाही. डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. ती नोकरी फक्त उन्हाळी सत्रापुरती होती, त्यामुळे बाकीचे वर्ष मोकळे. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर या दांपत्याने एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत बिऱ्हाड थाटले. शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंतींना चुना दिला, पडीक अंगणांत बागा केल्या. त्यांचे नगररचनेचे शिक्षण झाले ते असे, एका चाळवजा इमारतीत.

१९१४ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांचे नगरप्रदर्शन घेऊन येणारे जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. त्यांनी साहित्य पुन्हा जमवून प्रदर्शन भरवलेच. नंतरच्या वर्षांत तंजावर, लाहोर, बडोदा अशा कितीतरी शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. त्या काळच्या अभियंत्यांना जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढायची हौस होती. गेडिस म्हणत, आधी पायी फिरा. मोडकळीस आलेली चार घरे काढा, तिथे झाड लावा, विहीर साफ करा, म्हणजे बाकीची शंभर घरे वाचतात. डासांसाठी तळी बुजवू नका, त्यांत मासे सोडा. इंदूरचा त्यांचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत निघाला. त्यात नद्यांचे काठ सुधारण्याचा आग्रह होता, आणि गटारांचे पाणी लांब नेऊन सोडण्यापेक्षा ते बागांच्या मातीला द्यावे, असा विचार होता. आज यालाच मोठमोठी नावे आहेत.

१९१९ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच पुढच्या अभ्यासासाठी विलायतेला पाठवले.

सत्तराव्या वर्षी, १९२५ मध्ये, त्यांना पॅलेस्टाइनहून बोलावणे आले. जाफा या जुन्या अरब बंदराच्या उत्तरेला १९०९ मध्ये वाळूच्या टेकड्यांवर वसलेले तेल अवीव तोवर तीस हजारांपुढे गेले होते. यार्कोन नदीपर्यंतच्या किनाऱ्यावर एक लाख वस्तीची योजना हवी होती. म्हाताऱ्या गेडिस यांनी दोनेक महिने तिथे काढले. समुद्राला समांतर मोठे रस्ते, त्यांवर दुकाने आणि रहदारी. त्यांना छेदणारे रस्ते किनाऱ्याकडे उतरणारे, म्हणजे खारा वारा वस्तीत आत शिरावा. या रस्त्यांमधल्या मोठ्या चौकोनात आत फक्त अरुंद गल्ल्या, कारण गाडीला तिथून पलीकडे जायचे कारणच नाही. अगदी मधोमध एक लहान बाग, पोरांना खेळायला. आपल्या वाड्यांचा चौक आठवावा, तसेच काहीसे. घरे सुटी, ठेंगणी, भोवती फळझाडे आणि द्राक्षवेली. अशा साठेक बागा त्यांनी योजल्या. त्यांपैकी सुमारे निम्म्या प्रत्यक्षात आल्या.

अहवालाच्या नावात जाफा आधी आणि तेल अवीव नंतर आहे. दोन्ही मिळून एक शहर, असे ते धरून चालले होते. पण कोणाची जमीन कोणासाठी आखली जात आहे, हे त्यांनी पुरेसे विचारले असे मला वाटत नाही. १९४८ च्या युद्धात जाफाचे बहुसंख्य अरब रहिवासी देशोधडीला लागले आणि १९५० मध्ये जाफा तेल अवीवला जोडले गेले.

हे सारे पाहायला गेडिस नव्हते. १९२४ मध्ये प्रकृतीमुळे हिंदुस्थान सोडून ते फ्रान्समधल्या माँपेलिए येथे राहायला गेले होते. १९३२ च्या आरंभी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि १७ एप्रिलला तिथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ठेंगण्या घरांच्या जागी युरोपात शिकून आलेल्या वास्तुकारांनी तीन-चार मजली, सपाट गच्च्यांच्या पांढऱ्या इमारती बांधल्या. त्यांतल्या काही खांबांवर उचललेल्या आहेत, त्यामुळे वारा खालूनही वाहतो. २००३ मध्ये युनेस्कोने या भागाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. फळबागा मात्र फारशा उरल्या नाहीत, आणि किनाऱ्यावर नंतर उभ्या राहिलेल्या उंच हॉटेलांनी समुद्राचा वारा बराचसा अडवला. गल्ल्यांच्या पोटातल्या लहान बागा तेवढ्या अजून आहेत. मोठ्या रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या दिसत नाहीत, आत वळावे लागते.