शाहीर अमर शेख : बार्शीच्या मेहबूबचा आवाज महाराष्ट्राचा कसा झाला

दरवर्षी १ मे रोजी शाळाशाळांतून महाराष्ट्र दिन साजरा होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या पुढाऱ्यांची नावं मुलं पाठ करतात, भाषणं देतात. पण त्या लढ्याच्या सभा ज्याच्या पहाडी आवाजाने दणाणून जायच्या, तो शाहीर एका गरीब मुस्लिम घरातला होता, हे आपल्याच किती मुलांना माहीत आहे?

शाहीर अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घरची परिस्थिती हलाखीची, पण आई मुनेरबी यांच्याकडे लोकगीतांचा मोठा साठा होता. गाण्याचा पहिला धडा मेहबूबला मिळाला तो आईकडूनच.

पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत घाम गाळला. कामगारांच्या संपात पुढे राहिले म्हणून तुरुंगात गेले. विसापूरच्या तुरुंगात कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांची सोबत मिळाली आणि ते कम्युनिस्ट विचारांकडे वळले. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही काळ काम केलं. अमर शेख हे नाव त्यांना तिथेच मिळालं.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मातंग समाजातला, एक मुस्लिम आणि तिसरे गवाणकर, असे तिघे एकाच फडात उभे राहिले. समोर बसायचे ते गिरणी कामगार, हमाल, शेतमजूर. त्यातल्या अनेकांना अक्षरओळख नव्हती. वर्तमानपत्रातला अग्रलेख त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पण डफावर थाप पडली की दिवसभर राबून आलेला माणूसही मैदानात येऊन बसायचा. भाव का वाढले, धान्य कुठे दडवलं जातं, संप कशासाठी, हे सगळं त्याला हसत-खेळत कळायचं.

या मंडळींनी तमाशाचा जुना साचाही बदलला. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन होऊ लागलं. गवळण गेली. त्यामुळे कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला हा खेळ आपला वाटावा, अशी सोय झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारने कलापथकावर बंदी घातली. मग तमाशाचं लोकनाट्य झालं. नाव बदललं, काम थांबलं नाही.

खरी कसोटी लागली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. फाळणीच्या जखमा अजून ताज्या होत्या. मुस्लिम नावाकडे संशयाने पाहणारे कमी नव्हते. अशा काळात शेख नावाचा शाहीर हजारोंच्या सभेत उभा राहून मुंबईसह महाराष्ट्र मागत होता आणि लोक त्याच्या सुरात सूर मिसळत होते. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड त्यांच्याच आवाजात गावोगावी पोहोचली. गावाकडे राहिलेल्या बायकोची ताटातूट आणि तुटलेल्या मराठी मुलखाचं दुःख, दोन्ही त्या एका गाण्यात होतं. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठीही त्यांनी आवाज लावला. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केलं तेव्हा कार्यक्रम करून देशासाठी निधी गोळा केला.

ते नुसते गायक नव्हते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक त्यांनी लिहिलं. ‘युगदीप’ आणि ‘वक्ता’ ही मासिकं काढली. ‘प्रपंच’ चित्रपटात आणि ‘झगडा’ नाटकात कामही केलं. त्यांची मुलगी मलिका अमर शेख यांनी मराठी कवितेत स्वतःची जागा निर्माण केली.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात त्यांचं निधन झालं. वय अवघं ५२. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचं अध्यासन आहे.

त्यांचे राजकीय विचार आपल्यातल्या सगळ्यांना पटतीलच असं नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. मी इथलाच आहे, याचा दाखला ते कुणाकडे मागत बसले नाहीत. उपाशी कामगाराचं, विस्कटलेल्या मुलखाचं दुःख त्यांनी आपलं मानलं आणि ते लोकांच्या बोलीत मांडलं. म्हणून लोकांनीही त्यांना आपलं मानलं. पेशवाईतले सगनभाऊ, त्याआधीचे श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, ही वाट जुनीच आहे.

आपली मुलं आज डॉक्टर, इंजिनिअर होत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण एखादी मुलगी मराठीत कविता लिहीत असेल, एखादा मुलगा गॅदरिंगच्या नाटकात काम करू म्हणत असेल, तर त्याला वेळ वाया घालवतोस म्हणून गप्प बसवू नका. आपल्याबद्दल दुसरे काय लिहितात, यावर आपण रोज चिडतो. आपण स्वतः लिहिलं, बोललो, रंगमंचावर उभे राहिलो, तर समाज आपल्याला आपल्याच तोंडून ओळखेल. बार्शीच्या मेहबूबने ते करून दाखवलंय.