आजऱ्याचे शिवाजी सावंत आणि कथेची परंपरा

कोल्हापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागात, आंबोली घाटाच्या अलीकडे, हिरण्यकेशी नदीच्या काठी आजरा हे गाव वसलेले आहे. घनसाळ तांदळाचा सुवास आणि रामतीर्थावरील नदीचा ओघ यांमुळे त्या मुलखात ते सर्वपरिचित आहे. एके काळी हा महाल इचलकरंजीच्या जहागिरीत मोडत असे. १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि ती व्यवस्था संपली. याच गावी ३१ ऑगस्ट १९४० रोजी एका शेतकरी कुटुंबात शिवाजी गोविंदराव सावंत यांचा जन्म झाला. आजऱ्याहून घाट उतरला की कोकण लागते, आणि पूर्वेस थोडे पुढे गेले की कानडी बोल कानी पडतात. दोन भाषांच्या या सीमेवर महाभारताची कथा पोथीपेक्षा कीर्तनातून आणि लोकनाट्यातून अधिक वावरते. ग्रंथ हाती पडण्यापूर्वी कथा कानी येते, हा ग्रामीण महाराष्ट्राचा जुनाच क्रम होय.

पुढे सावंत कोल्हापुरास आले आणि राजाराम हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. नंतर पुण्यास शिक्षणखात्याच्या 'लोकशिक्षण' मासिकाचे संपादनकार्यही त्यांनी सांभाळले. त्यांचे ऐहिक चरित्र एवढ्यात आटोपते. त्यांचे खरे चरित्र त्यांनी निवडलेल्या तीन पुरुषांच्या चरित्रांत आहे: कर्ण, शंभुराजे आणि श्रीकृष्ण.

'मृत्युंजय' ही कादंबरी १९६७ साली पुण्याच्या कॉन्टिनेन्टल प्रकाशनाने काढली, तेव्हा लेखकाचे वय अवघे सत्तावीस होते. तो काळ ध्यानी घेण्याजोगा आहे. भांडारकर संस्थेने १९१९ पासून चालविलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. शेकडो हस्तलिखिते ताडून, प्रक्षिप्त भाग बाजूस काढून, जुन्यात जुना मिळेल तो पाठ विद्वानांनी सिद्ध केला. त्याच आवृत्तीच्या आधारे इरावती कर्वे यांचे 'युगान्त' १९६७ मध्येच प्रसिद्ध झाले. त्यात कर्णाची परीक्षा बरीच कठोर आहे. अशा रीतीने एकाच वर्षी मराठी वाचकापुढे दोन कर्ण उभे राहिले. एक पाठशुद्धीतून आलेला, तर दुसरा लोकांच्या अंतःकरणातून. वाचकांच्या मोठ्या समुदायाने दुसऱ्यास कवटाळले.

हा दुसरा कर्णही परंपरेबाहेरचा नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. भासाच्या नावावर असलेल्या 'कर्णभार' नाटकात तो करुणेचा विषय झाला आहे. दहाव्या शतकात कन्नड कवी पंपाने आपल्या भारतकाव्यात अर्जुनाला नायक करूनही कर्णाची थोरवी मुक्तपणे गायिली. हिंदीत दिनकरांची 'रश्मिरथी' १९५२ ची. सावंतांनी या धारेत आपला प्रवाह मिसळला आणि सांगण्याची रीत मात्र पालटली. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि अखेरीस श्रीकृष्ण अशा सहा जणांच्या मुखातून त्यांनी कथा वदविली. व्यासांच्या ग्रंथात कर्णाच्या पत्नीला स्वतंत्र वाणी नाही. येथे ती बोलते. सूताघरचा भाऊही बोलतो. ज्यांना जुन्या कथेने मूक ठेवले त्यांना वाचा देणे, हा परंपरेचा भंग म्हणावा की विस्तार? महदंबेने ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध श्रीकृष्ण-रुक्मिणीविवाहाचे धवळे गायिले तेव्हा कथा जुनीच होती, परंतु एका स्त्रीच्या मुखातून ती मराठीत प्रथमच अवतरली. पंथीय वाचकाला या प्रश्नाचे उत्तर शोधावयास फार दूर जावे लागत नाही.

'मृत्युंजय'चा खरा आघात आहे तो कुळाच्या प्रश्नावर. हस्तिनापुरच्या रंगभूमीवर कृपाचार्य कर्णाला त्याचे कुळ विचारतात आणि त्याचे धनुष्य तेथेच निरर्थक ठरते. हीही परंपराच होय. केवळ जुनी म्हणून ती मान्य करावयाची, तर सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी चारी वर्णांची भिक्षा विहित करून आणि स्त्रीशूद्रांना अनुसरणाचा अधिकार देऊन काय केले, हे कळणारच नाही. खेड्यापाड्यांतील असंख्य तरुणांनी ही कादंबरी आपलीच व्यथा म्हणून वाचली, त्याचे कारण या एका प्रसंगात आहे.

तथापि नायकाच्या प्रेमात लेखक वाहावत गेला, हा आक्षेप टाळता येत नाही. द्यूतसभेत द्रौपदीविषयी कर्णाने जे अमंगळ उद्गार काढले ते व्यासांनी लपविले नाहीत आणि सौम्यही केले नाहीत. कादंबरीत मात्र त्या कृत्याभोवती समर्थनाचे इतके पदर गुंडाळले आहेत की द्रौपदीचे दुःख कर्णाच्या दुःखामागे दडते. येथे जुना ग्रंथ नव्याहून अधिक निःपक्षपाती आहे.

'छावा' १९७९ ची. शंभुराजांच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिलेल्या चिटणीस बखरीने त्यांची जी प्रतिमा रूढ केली, ती नाटककारांनी दीर्घकाळ गिरविली. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये अस्सल कागदपत्रांच्या बळावर ती पुसून काढली. सावंतांनी ते संशोधन घरोघरी पोहोचविले.

अखेरचा मोठा ग्रंथ 'युगंधर', सन २०००. श्रीकृष्ण, रुक्मिणी, दारुक, द्रौपदी, अर्जुन, सात्यकी आणि उद्धव असे सात निवेदक. चमत्कारांची पुटे दूर सारून श्रीकृष्णाचे मानवी महत्त्व दाखवावे, हा लेखकाचा उद्देश. महानुभाव वाचक येथे थबकतो, आणि त्याने थबकावेच. श्रीकृष्णचक्रवर्ती हा परमेश्वर अवतार असे ज्याचे ज्ञान आहे, त्याच्या दृष्टीने लीळेतील ईश्वरत्व हे वरून चढलेले पूट नव्हे. ते काढले तर उरते ते चरित्र राजकारणकुशल महापुरुषाचे. अन्य वाचकांना तेवढे पुरेसे वाटले, पण उपदेशीयाला ते पुरणारे नाही.

पंथापुढे असा पेच पूर्वीही आला होता. भास्करभट्ट बोरीकरांचा 'शिशुपाळवध' सिद्ध झाला तेव्हा गुरुबंधूंनी त्याचे काव्यगुण मान्य केले. मात्र तो शृंगारप्रधान ग्रंथ निवृत्तांच्या उपयोगाचा नाही, प्रवृत्तांना योग्य आहे, असा अभिप्राय दिला. म्हणून कोणी तो ग्रंथ जाळला नाही. तो जतन झाला, त्याच्या प्रती झाल्या, आणि कवीने एकादशस्कंधावर 'उद्धवगीता' रचिली. लीळाचरित्राच्या बाबतीत निराळी कसोटी होती. म्हाइंभट्ट ज्याने लीळा पाहिली वा ऐकली त्याच्याकडे स्वतः जात, आणि पुढील शोधनीकारांनी पाठभेदही टाकून न देता नोंदविले. शास्त्राला अक्षराचे बंधन, काव्याला अधिकाराचे, असा विवेक पंथाने सातशे वर्षांपूर्वी केला होता. 'युगंधर'चे स्थान त्याच विवेकाने ठरते: ते शास्त्र नव्हे, आणि लेखकानेही ते शास्त्र म्हणून लिहिलेले नाही. योगायोग असा की या ग्रंथाचा शेवटही उद्धवाच्याच मुखी ठेविला आहे.

'मृत्युंजय'चे हिंदी, गुजराती, इंग्रजी आदी भाषांत अनुवाद झाले. भारतीय ज्ञानपीठाचा मूर्तिदेवी पुरस्कारही सावंतांना लाभला. 'युगंधर' प्रसिद्ध झाल्यावर त्यांना फार काळ मिळाला नाही. १८ सप्टेंबर २००२ रोजी गोव्यात मडगाव येथे त्यांचे निधन झाले.