मुक्त पावलांचे गुरुकुल : उदय शंकर

नृत्य ही गुरुचरणी बसून वर्षानुवर्षे साधायची विद्या, अशी आपल्या देशाची परंपरा. अशा देशात, कोणत्याही शास्त्रीय शैलीचे रीतसर शिक्षण न घेता रंगमंचावर उतरलेल्या एका कलावंताने नृत्याचे नवे दालन उघडले. ते कलावंत म्हणजे उदय शंकर.

८ डिसेंबर १९०० रोजी उदयपूर येथे एका बंगाली कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सतारवादक पंडित रविशंकर हे त्यांचे धाकटे बंधू. बालपणी आजोळी, गाझीपूरजवळील नसरतपूर गावी, चर्मकार समाजातील मातादीन या नर्तकाचे नृत्य त्यांनी पाहिले आणि ते कायमचे मनावर कोरले गेले. तथापि प्रतिष्ठित घरातील मुलाने नर्तक व्हावे, असा तो काळ नव्हता. चित्रकलेच्या अभ्यासासाठी १९१८ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्याच नगरीत गांधर्व महाविद्यालयाचे संगीतसंस्कारही त्यांना लाभले. १९२० साली ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेले.

तेथेच जीवनाला कलाटणी मिळाली. जगद्विख्यात रशियन नर्तिका अ‍ॅना पाव्हलोव्हा यांच्यासमवेत १९२३ साली ‘राधा-कृष्ण’ या नृत्यनाट्यात त्यांनी कृष्णाची भूमिका केली. कुंचला मागे पडला. मात्र चित्रकाराची दृष्टी त्यांच्या प्रत्येक हालचालीत उतरली. पुढे भारतभर हिंडून त्यांनी शिल्पे, लेणी व लोकनृत्ये न्याहाळली. १९३१ साली त्यांच्या नृत्यपथकाने पॅरिसमध्ये पदार्पण केले आणि युरोप-अमेरिकेत कीर्ती संपादन केली. शास्त्राच्या अभिमान्यांनी दोष दिला. पण उदय शंकरांनी शास्त्राचा अनादर कधीच केला नाही. कीर्ती मिळाल्यावरही ते कथकळीचे गुरू शंकरन नंबुद्री यांचे शिष्य झाले.

१९३८ साली हिमालयाच्या कुशीत, अल्मोडा येथे त्यांनी संस्कृती केंद्राच्या उभारणीस प्रारंभ केला. तेथे कथकळी, भरतनाट्यम् व मणिपुरीचे गुरू होते. संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ होते. मात्र केंद्राचे खरे वैशिष्ट्य निराळेच होते. साधे चालणे हाही तेथे अभ्यासाचा विषय होता. एखादी कल्पना वा संगीताचा तुकडा देऊन विद्यार्थ्याने स्वतःच्या हालचाली स्वतः शोधाव्यात, अशी रीत होती. गुरूची नक्कल करण्यापूर्वी विद्यार्थ्याला स्वतःच्या शरीराची ओळख व्हावी, मनातील संकोच गळून पडावा, हा त्यामागील विचार. गुरुदत्त, शांती बर्धन, नरेंद्र शर्मा ही मंडळी तेथेच घडली. आणि ती सारी एकाच साच्यातली निघाली नाहीत, हे त्या शिक्षणाचे मोठेच यश.

महायुद्धाच्या काळात आर्थिक ओढाताणीमुळे हे केंद्र अवघ्या काही वर्षांत बंद पडले. ते दुःख उरात बाळगून त्यांनी ‘कल्पना’ हा चित्रपट निर्माण केला. एका नर्तकाने उभारलेल्या कलाकेंद्राचे स्वप्न रंगवणारा हा चित्रपट १९४८ साली प्रदर्शित झाला. व्यावसायिक यश मात्र त्याला लाभले नाही. १९७१ साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान प्राप्त झाला. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकाता येथे त्यांचे देहावसान झाले.

अल्मोड्याचे शिक्षण मात्र तेथेच संपले नाही. नरेंद्र शर्मा यांनी पुढे दिल्लीतील एका शाळेत दीर्घकाळ नृत्य शिकवले. जी मुले कधीही नर्तक होणार नव्हती, त्यांनाही आपल्या देहातील लय तेथे गवसली.