धर्म सांगावा कसा?

कर्जत स्थानकात पुण्याकडची गाडी उभी राहते, घाट चढण्याकरिता तिला मागून इंजिने जोडली जातात, आणि तेवढ्या अवकाशात समोरासमोर बसलेले अनोळखी प्रवासी बोलू लागतात. भाताचा भाव झाला, पाऊसपाणी झाले, की एखादा सोबती धर्माची गोष्ट काढतो. क्वचित कोणी हाती पुस्तकही ठेवितो. अशा वेळी कित्येकांच्या कपाळास आठी पडते. ख्रिस्ती मनुष्याने परक्यापाशी, चारचौघांत, येशूचे नाव काढावे की नाही, आणि काढले तर ऐकणाराने कसे वागावे, हा प्रश्न म्हणून कर्जत-खालापूरच्या आमच्या वाचकांस दूरचा नाही. त्याच्या विचारासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्र आम्ही पुढे ठेवितो. कारण त्यांच्या आयुष्यास वळण लागले ते आगगाडीच्या डब्यातच.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. बालपणाची काही वर्षे कर्जतच्याच लोहमार्गावरील कल्याण येथे गेली. आई लवकर वारली. पुढे घर सुटले. नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. कविता व वक्तृत्व अंगी होते, परंतु चित्त कोठेच स्थिरावेना. जातिभेदाने पोखरलेल्या समाजास उभारी देईल असा धर्म कोणता, ह्या शोधात ते होते.

१८९३ साली नागपुराहून राजनांदगावास जाताना डब्यात त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटला. आधी संस्कृत काव्यावर बोलणे झाले, मग धर्मावर. निघताना त्याने बायबलातील नवा करार टिळकांच्या हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांस ते भाकीत वेडगळ वाटले. पण पुस्तक त्यांनी वाचले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आमच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या गृहस्थाने पैका देऊ केला नाही, भय घातले नाही, की पाठलाग केला नाही. पुस्तक देऊन तो आपल्या वाटेने गेला. पुढचा विचार टिळकांनी स्वतः, आपल्या बुद्धीने केला.

त्या निर्णयाची किंमत मात्र थोडी नव्हती, आणि ती एकट्या टिळकांनी दिली असेही नाही. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन चार वर्षांहून अधिक काळ पतीपासून दूर राहिल्या. लोकनिंदा व विरह यांचा भार त्या बाईने, आपला काही अपराध नसता, वाहिला. पुढे त्या अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, पतीकडे आल्या. परंतु धर्म बदलला तो स्वतःच्या मनाने, १९०० साली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ही हकीकत नवी नाही. धर्म सांगणाराने आपल्या शब्दांनी कोणाचे घर हालणार आहे ह्याचे भान ठेवावे, आणि समाजानेही घर सांधावे, अधिक फोडू नये.

पुढे टिळक स्वतः धर्म सांगू लागले, तेव्हा त्यांनी परक्या रीती टाकून दिल्या. त्यांनी अभंग रचिले. कीर्तनाची मराठी रीत ख्रिस्तकथेस लाविली. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. त्यांची पदे मराठी चर्चांतून आजही गायिली जातात. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांस बाध न आणिता धर्माचा प्रचार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. त्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली ठरविले. टिळकांच्या चरित्रातून निघणारा बोधही ह्याहून फार निराळा नाही. सांगण्याचा हक्क एकाचा. घेण्याचा, नाकारण्याचा, किंवा उठून दुसऱ्या बाकावर बसण्याचा हक्क दुसऱ्याचा.

आमच्या व्यापारी वाचकांस हा न्याय सहज पटेल. सचोटीचा दुकानदार माल उघडा मांडितो, माप खरे ठेवितो, आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतले तरी त्यास शिव्या देत नाही. गरजवंतास धान्याचे वा औषधाचे आमिष दाखवून धर्म गळी उतरविणारा, आणि नुसते बोलणाऱ्यावर हात उगारणारा, हे दोघेही खोट्या मापाचे धनी होत. पुढच्या खेपेस गाडीत कोणी परका आपल्या देवाची गोष्ट काढील, तर ऐकावेसे वाटल्यास ऐकावी, नको असल्यास नम्रपणे नको म्हणावे. घाट संपेपर्यंत डबा दोघांचाही आहे.