ई. कोलाय या नावामागचे डॉक्टर: थिओडोर एशेरिश

घरातल्या वयस्कर माणसाला थंडी वाजून ताप भरतो, बीपी घसरतो, ॲडमिट करावे लागते. दोन-तीन दिवसांनी लघवीचा आणि रक्ताचा कल्चर रिपोर्ट हातात येतो. दोन्हींवर एकच नाव असते: ई. कोलाय. मग तुमचा पहिला प्रश्न असतो, लघवीतला जंतू रक्तात कसा गेला? याचे उत्तर समजायला या जंतूची ओळख करून देणाऱ्या डॉक्टरांची गोष्ट उपयोगी पडते. नावातला ‘ई’ हे त्यांचेच आडनाव आहे.

लहानपण आणि शिक्षण

थिओडोर एशेरिश यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1857 रोजी जर्मनीतील आन्सबाख येथे झाला. वडील डॉक्टर होते. थिओडोर पाच वर्षांचे असताना आई वारली. पुढे त्यांना ऑस्ट्रियातील फेल्डकिर्श येथे जेझुइट पाद्र्यांच्या निवासी शाळेत ठेवले गेले. वैद्यकीय शिक्षण वेगवेगळ्या विद्यापीठांत झाले आणि 1881 मध्ये ते डॉक्टर झाले.

तेव्हा युरोपातही जुलाबाने तान्ही बाळे मोठ्या संख्येने दगावत. एशेरिश बालरोगांकडे वळले. 1884 मध्ये नेपल्समध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा अभ्यासासाठी ते तिथेही जाऊन आले.

बाळाच्या शीमध्ये सापडलेला जंतू

म्युनिकला परतल्यावर त्यांनी अनेकांना फालतू वाटेल असे काम हाती घेतले. निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळांची शी तपासायची. रॉबर्ट कॉख यांच्या पद्धतीने जंतू प्रयोगशाळेत वाढवायचे आणि 1884 मध्येच आलेल्या ग्रॅम यांच्या रंगपद्धतीने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. त्यांना दिसले की बाळाची पहिली काळी शी जन्मताना जंतूविरहित असते, पण काही तासांतच तिच्यात जंतू दिसू लागतात. त्यातल्या भराभर वाढणाऱ्या, काडीसारख्या एका जंतूला त्यांनी ‘बॅक्टेरियम कोलाय कम्युन’ म्हटले, म्हणजे मोठ्या आतड्यातला नेहमीचा जंतू. 1885 मध्ये त्यांनी हे काम मांडले आणि 1886 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा जंतू त्यांना निरोगी बाळांत सापडला होता. तुमच्या-माझ्या आतड्यातही तो आज आहे आणि तिथे तो सहसा त्रास देत नाही.

तोच जंतू लघवीत

1890 मध्ये एशेरिश ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे बालरोगांचे प्राध्यापक म्हणून गेले. तिथे 1894 मध्ये त्यांनी मूत्राशयाला सूज आलेल्या लहान मुलींबद्दल लिहिले. त्यांच्या लघवीत तोच आतड्यातला जंतू होता.

मुलींमध्येच का? मुलींचा आणि स्त्रियांचा मूत्रमार्ग आखूड असतो आणि शौचाच्या जागेजवळ असतो. तिथला जंतू सहज मूत्राशयात शिरतो. तिथून तो वर चढून किडनीत पोचला आणि सूज वाढली, तर किडनीतून रक्तात उतरतो. तुमच्या दोन्ही रिपोर्टवर एकच नाव येण्यामागे बहुतेक वेळा हाच रस्ता असतो. पुरुषांत प्रोस्टेट वाढल्याने लघवी तुंबली, मूतखडा अडकला किंवा नळी घातलेली असली, तर हाच धोका वाढतो.

दुःख आणि शेवट

ग्रात्समध्ये त्यांचे लग्न झाले, दोन मुले झाली. मुलगा दहा वर्षांचा असताना अपेंडिक्सच्या आजाराने गेला. बालरोगांचा इतका मोठा डॉक्टर, पण स्वतःच्या मुलाला वाचवू शकला नाही. 1902 मध्ये ते व्हिएन्नाला सेंट ॲना बालरुग्णालयाचे प्रमुख झाले होते. तान्ह्या बाळांच्या रक्षणासाठी त्यांनी तिथे संस्था उभारली आणि आईच्या दुधाचा आग्रह धरला. 15 फेब्रुवारी 1911 रोजी वयाच्या 53 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. 1919 मध्ये त्यांच्या जंतूला त्यांचेच नाव दिले गेले.

त्यांनी जंतू ओळखला, पण त्यांच्या हयातीत त्यावर चालणारे एकही अँटिबायोटिक नव्हते. आपल्याकडे ती औषधे आहेत, मात्र ती वेळेवर आणि नेमकी द्यावी लागतात.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?

- वयस्कर किंवा मधुमेही माणसाला लघवीची जळजळ न होताही संसर्ग रक्तात जाऊ शकतो. थंडी वाजून ताप, अचानक गोंधळल्यासारखे बोलणे, धाप लागणे, लघवी कमी होणे दिसले तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.
- शक्य तेव्हा लघवीचे आणि रक्ताचे कल्चर पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी घेतात. म्हणून घरातली उरलेली गोळी स्वतःहून देऊ नका. पेशंट गंभीर असेल तर मात्र डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात. रिपोर्ट आल्यावर औषध बदलले, तर आधीचे चुकले असा अर्थ नसतो.
- लघवीत जंतू आला म्हणजे ताप त्यामुळेच, असे नेहमी नसते. काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडला, तर बहुतेकांना औषध लागत नाही. गरोदर स्त्रिया आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशन्स होणार असलेले पेशंट याला अपवाद आहेत.
- कधी प्रवास उलटाही असतो. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू रक्तातून लघवीत येऊ शकतो. तो लघवीत दिसला तर डॉक्टर रक्ताचीही तपासणी सांगू शकतात.

एशेरिश यांनी आधी निरोगी बाळे तपासली, म्हणून नेहमीचे काय आणि आजाराचे काय, हे पुढे वेगळे करता आले. तुमचा रिपोर्टही तसाच वाचायचा असतो, पेशंटकडे बघून. नुसता रिपोर्ट फोनवर पाठवून औषध मागू नका, पेशंटला घेऊन या.